साक्ष आमची, निवाडा कोणाचा?

‘संशोधनासाठी सहभागी हवेत’ असे सांगणारे कागद आता आपल्या महाविद्यालयांत वरचेवर येऊ लागले आहेत. कधी ते एखाद्या विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाकडून येतात, कधी वैद्यकीय महाविद्यालयाकडून, तर कधी परदेशी विद्यापीठाशी करार केलेल्या संस्थेकडून. विषय बहुधा ठरलेले असतात. वस्तीतील स्त्रियांचे आरोग्य, पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या अडचणी, समाजविकासातील लोकांचा सहभाग. भाषा अत्यंत नम्र असते. सहभाग ऐच्छिक आहे, नाव गुप्त राहील, केव्हाही माघार घेता येईल, आपल्याला प्रत्यक्ष लाभ होणार नाही परंतु समाजाला होईल. खाली सहीची किंवा अंगठ्याची जागा.

हे कागद कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. मला मात्र ते तसे वाचले पाहिजेत असे वाटते. आपल्याविषयी जे लिहिले जाते त्याचा फार मोठा भाग कथा-कवितांत नाही. तो प्रश्नावल्यांत, कोष्टकांत आणि प्रबंधांत आहे. दलित कवितेतील प्रतिमांची आपण चिकित्सा करतो, आत्मकथनांच्या भाषेवरून वर्षानुवर्षे वाद घालतो, आणि ज्या लेखनाच्या आधारे आपल्याविषयीची धोरणे ठरतात ते मात्र समीक्षेविना सोडून देतो. प्रस्थापित समीक्षेने ते सोडले यात नवल नाही. तिच्या दृष्टीने ते साहित्यच नव्हे. पण आपण का सोडावे?

प्रथम शब्दच पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००० साली वैद्यकीय संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या इंग्रजी शीर्षकात ज्यांच्यावर संशोधन होते त्यांना ‘ह्यूमन सब्जेक्ट्स’ म्हटले होते. २००६ च्या सुधारित आवृत्तीत ‘सब्जेक्ट्स’ जाऊन ‘पार्टिसिपन्ट्स’ म्हणजे सहभागी आले. परंतु त्याआधीचे ‘ऑन’ हे अव्यय जागचे हलले नाही! म्हणजे माणूस सहभागी झाला खरा, पण संशोधन त्याच्या‘वर’च होत राहिले. ते ‘ऑन’ २०१७ च्या आवृत्तीत गेले आणि ‘इन्व्हॉल्व्हिंग’ आले. ‘सब्जेक्ट’ ह्या शब्दाचा एक अर्थ विषय आणि दुसरा अर्थ प्रजा. विषयातून, प्रजेतून माणूस सहभागी होईपर्यंत शीर्षकाला सतरा वर्षे लागली. मी हा बदल हसण्यावारी नेत नाही. शब्द बदलण्यासाठीही कोणीतरी भांडावे लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मात्र सहभाग म्हणजे वाटा. कशात वाटा? प्रश्न कोणता विचारायचा हे ठरवण्यात आपला वाटा नाही. उत्तरांचा अर्थ लावण्यात नाही. निष्कर्षांच्या मालकीत नाही. वाटा आहे तो उत्तर देण्यात, रक्त देण्यात, वेळ देण्यात.

जुन्या गावगाड्यात सीमेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष प्रमाण मानली जात असे. शिव कोठून जाते ते त्याने चालून दाखवायचे. त्याच्या शब्दावर दोन गावांचा निवाडा व्हायचा. आणि निवाडा झाल्यावर त्याच सीमेच्या आतल्या पाणवठ्याला त्याचा हात लागता कामा नये. आपली साक्ष खरी धरण्याची ह्या व्यवस्थेला कधीच अडचण नव्हती. अडचण होती ती साक्षीदाराला वाटेकरी मानण्याची.

आमच्या मराठवाड्यातलेच एक उदाहरण घेतो. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ च्या अखेरीस तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईची टाटा स्मारक संस्था, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांतील स्त्रियांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकेकदा तपासणी व्हायची. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना ‘नेहमीची सेवा’ मिळायची. आठ वर्षे पाठपुरावा झाला आणि २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ह्या जगन्मान्य नियतकालिकात निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू. चौथ्या गटात, तो आकाराने लहान असूनही, ६४.

‘नेहमीची सेवा’ ह्या दोन शब्दांपाशी मी थांबतो. जिल्ह्यात त्या काळी अशा तपासणीचा कोणताही कार्यक्रम नव्हता. तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे नेहमीचा अभाव. मराठी कवितेत कोणी अभावाला सेवा म्हटले असते तर आपण त्याला उपरोध म्हटले असते. येथे तो उपरोध नाही. येथे ती शास्त्रीय संज्ञा आहे.

ह्या अभ्यासाच्या बाजूने जे सांगितले जाते ते गांभीर्याने घेतले पाहिजे. संशोधकांनी ह्या स्त्रियांकडून काही काढून घेतले नाही. त्यांच्याकडे ते नव्हतेच. गरीब देशाला परवडेल अशी कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते, हे सिद्ध करायचे तर तुलना अपरिहार्य होती. एका तपासणीनेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे ह्याच अभ्यासाने दाखवले, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीला जे अग्रस्थान दिले त्यामागे अशा पुराव्याचे बळ आहे. हे सारे खरे. परंतु पेशींच्या तपासणीने हा रोग आटोक्यात ठेवता येतो हे श्रीमंत देशांना कित्येक दशके ठाऊक होते. तेथे अशी तुलना करण्यासाठी तीस हजार बायका तपासणीविना ठेवता आल्या नसत्या. येथे ठेवता आल्या, कारण येथे त्या आधीच तशा होत्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून याच धर्तीचा अभ्यास झाला. त्यातील तुलनेच्या गटात ७६,१७८ स्त्रिया होत्या आणि त्यांना तपासणीऐवजी एकदा आरोग्यशिक्षण मिळाले. ह्या अभ्यासांवर पुढे २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये वादही झाला.

मला येथे खलपुरुष शोधायचा नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता असेच मी धरून चालतो, कारण मुद्दा त्यानंतर सुरू होतो. तुलनेसाठी रिकाम्या हाताची बाई लागते, आणि ती शहरातल्या सदनिकेत सापडत नाही. सरकारी दवाखान्यात जे नाही ते दुसरीकडे विकत घेण्याची जिची ऐपत नाही, तीच त्या गटात खऱ्या अर्थाने राहते. ज्या व्यवस्थेने अभाव निर्माण केला तिच्याच छायेत तो अभाव ज्ञानाची कच्ची सामग्री होतो. अभ्यास संपल्यावर कोणाला काय देऊ केले हा प्रश्न वेगळा. ते त्या ६४ जणींपर्यंत पोहोचत नाही. आणि ज्ञान तरी परत आले का? निष्कर्ष प्रसिद्ध होऊन दहा वर्षे लोटल्यावर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया भरल्या १.९ टक्के. पुरावा जगभर फिरून आला, तांड्यावर आणि वाडीवर पोहोचला नाही.

आता सहीकडे येऊ. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम (हा जिल्हा आता तेलंगणात आहे) आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत ‘पाथ’ ह्या अमेरिकी संस्थेने वैद्यकीय संशोधन परिषद व राज्य सरकारांच्या सहकार्याने १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प राबवला. खम्मममध्ये सुमारे १४,००० मुली. त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली कितीतरी. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. हे मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असे चौकशीत सांगण्यात आले, आणि लशीविरुद्ध मला काहीच म्हणायचे नाही; ती लस आपल्या मुलींना मिळालीच पाहिजे. प्रश्न संमतीचा आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांचा हिशेब आहे. त्यांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या.

अधीक्षकांची सही! आईबाप जिवंत असताना मुलीच्या देहाविषयी होकार देणारा हा पालक कोण? ज्याच्या हातात तिची भाकरी आणि तिची खोली आहे, तो. ‘केव्हाही माघार घेता येईल’ हे वाक्य त्या वसतिगृहात वाचून पाहावे म्हणजे त्याचा अर्थ कळेल.

हा मधला माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मेकन परगण्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून ६०० काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास चालवला. ३९९ जणांना उपदंश होता, २०१ जणांना नव्हता. रोगाची आपोआप काय गती होते ते मृत्यूपर्यंत पाहायचे होते. पेनिसिलिनने रोग बरा होतो हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. ज्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच १९७२ सालच्या जुलैत हे वर्तमानपत्रांतून जगासमोर आले, तोवर चाळीस वर्षे झाली होती. ज्या काळ्या पँथरांवरून आपण नाव घेतले त्यांच्या बापजाद्यांची ही कथा. तिच्यातला एक कागद आपल्या प्रत्येक महाविद्यालयात लावला पाहिजे. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचे होते, केवळ निदानासाठी. त्यासाठी ह्या शेतमजुरांना जे पत्र गेले त्यात खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी असल्याचे बजावले होते, आणि नर्सला न चुकता भेटा असे सांगितले होते. ती नर्स, युनिस रिव्हर्स, स्वतः काळी होती, टस्कीगीच्याच शाळेत शिकलेली होती. लोकांचा तिच्यावर जीव होता. ती त्यांना मोटारीतून नेई, त्यांच्या घरची विचारपूस करी. अभ्यास चाळीस वर्षे टिकला तो गोऱ्या डॉक्टरांमुळे नव्हे. डॉक्टर बदलत गेले. तो टिकला तिच्या ओळखीवर.

आज आपल्याकडे ती जागा कोणाची आहे? आशा कार्यकर्तीची आहे, वसतिगृहाच्या गृहपालाची आहे, आणि माझ्यासारख्या प्राध्यापकाची आहे. घरात पहिलाच पदवीधर, वस्तीत जाणे-येणे असलेला, इंग्रजी कागद वाचू शकणारा आणि वस्तीची बोली बोलू शकणारा. असा माणूस संशोधकाला हवाच असतो. मला आलेल्या एका पत्रात तर स्पष्टच लिहिले होते की, आपल्या ओळखीमुळे उत्तरदात्यांत विश्वास निर्माण होईल. आपल्या माणसांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास आम्ही कोणाच्या नावे जमा करायचा, आणि त्याचे व्याज कोणी खायचे, हा शिकलेल्या दलितापुढचा आजचा प्रश्न आहे. नोकरी, बढती, संशोधन प्रकल्प, परिसंवादाची निमंत्रणे ह्यांच्या वजनाखाली हा प्रश्न दबतो. आणि ‘हे समाजासाठीच आहे’ असे म्हणून तो मिटवून टाकणे फार सोपे आहे.

शिक्षणविषयक संशोधनात तर दाता-याचक हे नातेही लपवावे लागत नाही. ‘अमुक तालुक्यातील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ ह्या साच्याचे प्रबंध कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळीने उभे आहेत; आता ते ‘शोधगंगा’वरही वाचता येतात. काही आपल्याच मुलांनी लिहिले आहेत, त्यांचे कष्ट मी जाणतो. पण प्रश्नावली पाहा. पालकांचे शिक्षण किती? उत्पन्न किती? घरात अभ्यासाला जागा आहे काय? वडिलांना व्यसन आहे काय? आईला विचारले जाते, मुलाने शाळा का सोडली. मुख्याध्यापकांना विचारले जात नाही, मुलाला शाळेने का सोडले. मग कोष्टके येतात, टक्केवारी येते, आणि निष्कर्षात पालकांचे अज्ञान, दारिद्र्य व उदासीनता ही कारणे ‘आढळून येतात’. जे पेरले तेच उगवते. ‘गळती’ हा शब्दच बघा. जणू मडके आपोआप पाझरते. भोके पाडून ठेवलेल्या भांड्याला मराठीत गाळणी म्हणतात.

प्रश्नाचे तोंड उलटे वळवता येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी २००६ साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सुखदेव थोरात. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. २००७ च्या त्यांच्या अहवालात विद्यार्थ्याच्या आईचे शिक्षण हा मुद्दा मध्यभागी नाही. वसतिगृहातील खोल्यांची वाटणी कशी होते, वर्गात शिक्षक कसे वागतात, तोंडी परीक्षेत काय घडते, हे मध्यभागी आहे. उत्तरे देणारे तेच, विद्यार्थीच. पण ते ज्याच्याविषयी बोलत आहेत ती संस्था आहे. एवढ्या बदलाने संस्था किती अस्वस्थ झाली ते सर्वांनी पाहिले आहे.

तेव्हा संशोधनालाच नकार द्या, असे मी म्हणणार नाही. आपल्यातल्या काही तरुण मित्रांचा तसा आग्रह आहे. वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका, एकही कागद भरू नका, असे ते म्हणतात. त्यांचा संताप मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आकडे नसतील तर आपले मरण नोंदले जाणार नाही, एवढेच होईल. आणि मोजमापाशी झुंजण्याची आपली परंपरा नकाराहून अधिक धारदार आहे. १८८२ साली हंटर आयोगाने शिक्षणाविषयी साक्षी मागवल्या. महात्मा फुले हे त्या अर्थाने ‘सहभागी’च होते. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन गप्प बसणे पसंत केले नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, हा आयोगाने न विचारलेला प्रश्न त्यांनी निवेदनात मांडला आणि बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. वसाहतीच्या मानवशास्त्रज्ञांनी आमच्या नाकांची मापे घेतली, जातींची उतरंड वंशावर उभी आहे हे दाखवण्यासाठी. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तीच मापे घुर्ये यांच्या कोष्टकांतून उचलली, आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत हे त्यांच्यावरूनच दाखवले. मोजपट्टी त्यांची, नाक आमचे, निष्कर्षही आमचा.

बाबासाहेब स्वतः संशोधक म्हणूनही वस्तीत गेले आहेत. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून १९२९ मध्ये ते चाळीसगावकडे आले होते. गावाने अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची ती चौकशी होती. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने तो हाकला, त्याला सराव नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. ज्याचा अभ्यास करायचा तेच अभ्यासकाच्या अंगावर कोसळले. ‘तटस्थता’ ह्या शब्दाचे आपल्या विद्यापीठांत फार स्तोम आहे. पदव्युत्तर वर्गात संशोधनपद्धती शिकवताना मी हा प्रसंग सांगतो. विद्यार्थी विचारतात, मग सर, हा अभ्यास वस्तुनिष्ठ मानायचा का? मी त्यांना विचारतो, बहिष्कार वस्तुनिष्ठ होता का?

असे कागद आले की आता मी उत्तरादाखल काही प्रश्न पाठवतो. प्रश्नावली वस्तीतल्या कोणाला आधी दाखवली होती काय? तुलनेचा गट असेल तर त्याला काय मिळणार, आणि जे मिळणार नाही ते का? तपासणीत आजार निघाला तर उपचाराचा खर्च कोण करील, ते लेखी द्याल काय? संमतीचा कागद मराठीत, बाईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत, आहे काय? (एका कागदावर ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. तो मलाही दोनदा वाचावा लागला.) आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा सारांश वस्तीतल्या वाचनालयात ठेवाल काय, तेथे येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्याल काय? बहुतेक ठिकाणांहून पुन्हा पत्र येत नाही. काही जण कळवतात की, नैतिकता समितीची मंजुरी आधीच मिळाली आहे. एका तरुण संशोधिकेने मात्र प्रश्नावली परत मागवून घेतली, त्यातले सात प्रश्न गाळले, आणि बायकांनी सुचवलेला एक घातला: सरकारी दवाखान्यात तुम्हाला हात लावून तपासतात काय?